फौजींनी पाहिलेले आकाशातले दिवे : हसण्यावारी नेऊ नका, आधी नोंद बघा

होटगीरोडकर
लडाखच्या दिव्यांचं प्रकरण कुणाकुणाला आठवतंय? २०१२ चं. पँगाँग तलावाजवळ ठाकुंग भागात आपल्या लष्कराच्या आणि आयटीबीपीच्या (भारत-तिबेट सीमा पोलिस) जवानांना रात्री पिवळसर गोळे दिसायचे. चीनच्या बाजूच्या क्षितिजावरून वर यायचे, तीन-तीन चार-चार तास हळूहळू सरकत राहायचे आणि मग दिसेनासे व्हायचे. एक-दोन रात्री नाही, कित्येक महिने चाललं हे. डोंगरावर रडार नेऊन लावलं, रेडिओ लहरी पकडणारा स्पेक्ट्रम ॲनालायझर नेला, हाताला काही लागेना. मग जुलै २०१३ मध्ये पेपरात आलं की बंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तपासलंय आणि ते दिवे म्हणजे गुरू आणि शुक्र आहेत.

तेव्हापासून जिथं हा विषय निघतो तिथं एकच वाक्य कानावर येतं, "आपल्या लष्कराला ग्रह ओळखता येत नाहीत." आमच्या भागात निवृत्त फौजी बरेच आहेत, त्यांच्यासमोर सुद्धा पोरं बिनधास्त बोलतात हे. मला त्याचा मनापासून राग येतो म्हणून हा धागा काढलाय. फेब्रुवारी २०१३ पर्यंत लष्कराकडं अशा ३२९ नोंदी जमल्या होत्या, त्यातल्या १५५ वेळा ती वस्तू प्रत्यक्ष ताबारेषा ओलांडून आली असं लिहिलेलं होतं. आता विचार करा, त्या थंडीत रात्रभर उभं राहून, बोटं आखडलेली असताना प्रत्येक वेळी कुणीतरी ते लिहून ठेवलंय. लिहिलंच नसतं तर शास्त्रज्ञ तपासणार काय होते? माझं म्हणणं एवढंच आहे की फौजी जेव्हा सांगतो "मला दिवा दिसला" तेव्हा त्याला दिवा दिसलेलाच असतो. तो कशाचा होता हा पुढचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर नोंदीतनंच मिळतं.

तुमच्या घरात, नात्यात कुणी फौजी असेल आणि असं काही सांगितलं असेल तर लिहा. देशातली, बाहेरची, कुठलीही केस चालेल.

पूर्वभागवाला
मालक चांगला विषय घेतलाय. पण एक शंका आहे, राग मानू नका. गुरू आणि शुक्र काय त्याच वर्षी उगवले का? दरवर्षी असतातच की आकाशात. मग तिथंच आणि तेव्हाच का दिसले? ती शास्त्रज्ञांची गोष्ट मला तरी अजून पटलेली नाय.

तारे_बघणारी
शंका बरोबर आहे दादा, आणि उत्तर त्या वर्षाच्या आकाशातच आहे. ६ जून २०१२ ला शुक्र सूर्यासमोरून गेला होता, ते अधिक्रमण आपण सोलापुरातनं बघितलं, काळे चष्मे लावून शाळेच्या गच्चीवर मुलांना दाखवलं होतं मी. त्यानंतर शुक्र पहाटेच्या आकाशात आला आणि ऑगस्टपासून पुढं कित्येक महिने सूर्य उगवायच्या आधी पूर्वेला लखलखत होता. गुरू त्याच वर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला आला, म्हणजे संध्याकाळी अंधार पडता पडता पूर्वेला उगवायचा आणि रात्रभर दिसायचा. आता पँगाँगचा नकाशा काढा. आपल्या पोस्टवरनं पूर्व म्हणजे कोणती बाजू? चीनची. एक दिवा संध्याकाळी तिकडनं वर येतोय, एक पहाटे तिकडनंच वर येतोय, आणि दोन्ही तास न् तास सरकतायत.

त्यात तलावाची उंचीच सव्वाचार हजार मीटरच्या आसपास. हवा विरळ, धूळ नाही, शहराचा उजेड नाही. इथं जुळे सोलापुरात गच्चीवरनं दिसणारा शुक्र आणि तिथला शुक्र यात फार फरक पडतो. आणि डोंगराच्या कडेवरनं ग्रह एकदम वर येतो तेव्हा आत्ता कुणीतरी सोडला असंच वाटतं.

रडारचं म्हणाल तर रडारवर ग्रह दिसणारच नाही, तो कोट्यवधी किलोमीटर लांब आहे. पण तेव्हा त्याचा अर्थ असा लावला गेला की वस्तू धातूची नसावी. तिथनं गुंता वाढत गेला.

सुभेदार_निवृत्त
जय हिंद. मी लष्कराच्या सिग्नल्समधून (संदेशवहन) रिटायर झालो, मूळ मोहोळ तालुक्यातला, आता विजापूर रोडला असतो. २०१२ ला त्या भागात नव्हतो पण उंचावरच्या पोस्टवर हिवाळे काढलेत म्हणून लिहितो.

संतरी ड्यूटीवर रजिस्टर असतं. त्याला पेन्सिल दोऱ्यानं बांधलेली असते कारण बॉलपेनची शाई गोठते. काही दिसलं की आधी घड्याळ बघायचं, मग कंपास. कंपास बघायला हातमोजा काढावा लागतो, आणि एकदा काढला की पुढची दहा मिनिटं तो हात आपला राहत नाही. वेळ, दिशा किती अंश, क्षितिजापासून अंदाजे किती वर, रंग, लुकलुकतोय का स्थिर, किती वेळ राहिला. मग वायरलेसवर खाली कळवायचं. वरून विचारणार "हलतोय का?" आणि इथंच घोळ होतो. काळोखात एकाच दिव्याकडं टक लावून बघितलं की तो हलल्यासारखा वाटतो, दिवा तिथंच असतो तरी. डोळ्याला धरायला दुसरं काही नसतं म्हणून. हे कुणाच्या हुशारीचा प्रश्न नाही, माणसाचा डोळाच तसा आहे.

म्हणून आमच्या एका जुन्या उस्तादांनी शिकवलेलं, दोन काठ्या रोवायच्या. एक जवळ, एक दहा पावलांवर, दोन्हीची टोकं आणि दिवा एका रेषेत घ्यायचा. पाच मिनिटांनी परत त्याच जागेवरनं बघायचं. रेषा सुटली असेल तर दिवा खरंच हलला, आणि किती हलला तेही कळतं.

होटगीरोडकर, तुम्ही लिहिलं ते बरोबर आहे. त्या पोरांनी काय चुकीचं केलं? समोर शेजारी देश, त्या काळात ड्रोनची चर्चा, आणि पुढं एप्रिल २०१३ मध्ये लडाखमध्येच देपसांगला चिनी तंबू ठोकून बसलेच की तीन आठवडे. दिवा दिसला आणि कळवला नाही तर तो गुन्हा झाला असता.

तारे_बघणारी
काका, काठ्यांची रीत फारच उपयोगाची आहे. त्यात एक भर घालते. तीच नोंद आठ-दहा दिवस ठेवली तर तारा आणि इतर वस्तू वेगळ्या करता येतात. तारा रोज साधारण ४ मिनिटं लवकर त्याच जागी येतो, गुरूचंही जवळपास तसंच. म्हणजे महिन्याला दोन तास. एखादा दिवा पहिल्या तारखेला रात्री नऊला डोंगरावर आला आणि महिन्याच्या शेवटी सातला येत असेल तर तो कुणी पाठवलेला नाही, तो आकाशाबरोबर फिरतोय. शुक्राचा हिशोब जरा वेगळा असतो पण तोही पंचांगात छापलेला असतो.

विजापूररोडचा_पंक्या
सगळं मान्य आहे पण प्रत्येक वेळी ग्रह ग्रह म्हणून कसं चालेल ओ. अमेरिकन नौदलाच्या निमित्झ या विमानवाहू जहाजाची केस घ्या. १४ नोव्हेंबर २००४, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून लांब समुद्रात, भर दिवसा, नौदलाचा वैमानिक कमांडर डेव्हिड फ्रेव्हर आणि दुसऱ्या विमानातले लोक, चार जणांनी मिळून बघितलं, पांढरी लांबट गोळीसारखी वस्तू, पंख नाहीत, धूर नाही, खाली समुद्राचं पाणी ढवळलेलं. बरोबरच्या प्रिन्स्टन जहाजाचं रडार त्याच्या आधी काही दिवस काहीतरी पकडत होतं. नंतर दुसऱ्या विमानानं कॅमेऱ्यात पण घेतलं. तो व्हिडिओ एप्रिल २०२० मध्ये खुद्द पेंटागॉननं अधिकृतपणे दिला. हा फ्रेव्हर २०२३ मध्ये अमेरिकन संसदेत शपथेवर बोललाय.

आणि तेहरान, १९ सप्टेंबर १९७६. आकाशात दिवा दिसला म्हणून इराणच्या हवाईदलाची दोन फँटम लढाऊ विमानं पाठवली, जवळ गेलं की रेडिओ बंद, यंत्रं बंद, मागं वळलं की परत चालू. दुसऱ्या विमानाच्या वैमानिकानं, जाफरीनं, रडारवर लॉक मिळाल्याचं, म्हणजे रडारनं ती वस्तू पकडल्याचं सांगितलंय. हे काय शुक्रामुळं होतं का?

हवाईदलवाले_काका
पंकज, तू नेटानं लिहितोस हे आवडलं. मी हवाईदलात ग्राउंडला होतो, विमानांच्या इलेक्ट्रिकलवर. तेहरानबद्दल थोडं सांगतो. त्या रात्री गुरू आकाशात तेजस्वी होता हे खरं आहे, आणि एका फँटमला इलेक्ट्रिकलच्या तक्रारी आधीपासून होत्या असं अमेरिकन पत्रकार फिलिप क्लास यांनी तपास करून लिहिलं होतं. जाफरी मात्र शेवटपर्यंत आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले. मी स्वतः विमानांवर काम केलंय, एखादं कनेक्शन ढिलं असलं की वळताना चालू आणि सरळ जाताना बंद असले प्रकार डोळ्यानं बघितलेत. म्हणून मी तरी ते प्रकरण उघडं ठेवतो, कुणाच्याच बाजूनं शिक्का मारत नाही.

निमित्झबद्दल तुझं बरोबर आहे. तिथं अजून कुणाला सगळ्यांना पटेल असं उत्तर देता आलेलं नाही. रडार वेगळं, डोळे वेगळे, कॅमेरा वेगळा, आणि तिन्ही वेगवेगळ्या वेळचे. रडारचा त्या दिवसांचा पूर्ण डेटा लोकांसमोर असता तर आज आपण वेगळं बोललो असतो.

होटगीरोडकर
पंकजच्या मुद्द्याला आकडे जोडतो. अमेरिकेच्या हवाईदलानं अशा नोंदी तपासायला प्रोजेक्ट ब्लू बुक चालवलं, १९५२ ते १९६९. एकूण १२,६१८ नोंदी, त्यातल्या ७०१ शेवटपर्यंत ओळखता आल्या नाहीत. आणि अमेरिकन सरकारच्या जून २०२१ च्या अहवालात उलटं चित्र, १४४ नोंदींपैकी फक्त एकाच प्रकरणाचं नक्की उत्तर मिळालं, तो हवा गेलेला मोठा फुगा होता. बाकीच्यांबद्दल त्यांनी सरळ लिहिलं की माहिती अपुरी आहे. २०२२ मध्ये त्यांनी यासाठी वेगळं ऑफिसच काढलं, त्याच्या मार्च २०२४ च्या अहवालात परग्रहावरच्या तंत्रज्ञानाचा पुरावा सापडला नाही असं म्हटलंय.

मला या आकड्यांत एकच गोष्ट दिसते. "ओळखता आलं नाही" म्हणजे "एलियन" असं धरून चालणारे आणि "ओळखता आलं नाही" म्हणजे "बघणारा येडा" असं धरून चालणारे, दोघं पण ती नोंद वाचतच नाहीत.

पूर्वभागवाला
इंग्लंडच्या जंगलातली पण एक केस आहे ना? अमेरिकन सैनिक होते म्हणे. तिचं काय झालं शेवटी?

हवाईदलवाले_काका
रेंडलशॅमचं जंगल. त्यावर मी बरंच वाचलंय, आणि या धाग्याला ती केस सगळ्यात जवळची आहे म्हणून सविस्तर लिहितो.

डिसेंबर १९८०, नाताळचे दिवस. इंग्लंडच्या सफोक भागात वुडब्रिज आणि बेंटवॉटर्स असे दोन तळ होते, अमेरिकन हवाईदल वापरत होतं. २६ तारखेच्या पहाटे तीनच्या सुमारास गेटवरच्या पहारेकऱ्यांना जंगलात काहीतरी दिवे उतरल्यासारखे दिसले. विमान पडलं असेल म्हणून तीन जण आत गेले. बरोबरच केलं त्यांनी, विमान पडलं असतं तर? दोन रात्रींनी परत दिवे दिसले तेव्हा तळाचे उपप्रमुख लेफ्टनंट कर्नल चार्ल्स हॉल्ट स्वतः माणसं घेऊन गेले, आणि जाताना खिशातला टेपरेकॉर्डर घेऊन गेले. चालता चालता जे दिसतंय ते बोलत गेले. ती टेप आज कुणालाही ऐकता येते.

नंतर तपासणाऱ्यांनी काय काढलं, तर २६ च्या पहाटे तीनलाच दक्षिण इंग्लंडवर एक मोठी उल्का दिसली होती. आणि जंगलातनं ज्या दिशेला तो लुकलुकणारा दिवा दिसत होता त्याच दिशेला काही किलोमीटरवर ऑरफर्डनेसचं दीपगृह होतं, दर पाच सेकंदाला एक झोत. टेपवर कुणीतरी "आता परत दिसला" म्हणतं तेव्हा मधलं अंतर तेवढंच भरतं. खगोलाबद्दल लिहिणारे इयान रिडपाथ यांनी हे मांडलं, आणि त्याच जंगलात काम करणाऱ्या एका वनकर्मचाऱ्यानं त्यांना दीपगृहाकडं बोट दाखवलं होतं. हॉल्ट यांना हे आजही मान्य नाही.

पण मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. हॉल्ट यांनी १३ जानेवारी १९८१ ला ब्रिटिश संरक्षण मंत्रालयाला जे पत्र लिहिलं त्यात तारखा एका दिवसानं पुढच्या पडल्या. दोन आठवडे उलटून गेल्यावर आठवणीनं लिहिलेलं पत्र. तपासणारे चुकीच्या रात्रीचं रडार शोधत बसले. उल्का कुठल्या रात्रीची, पोलिसांना फोन कुठल्या रात्री आला, हे जुळवायला पुढं काही वर्षं गेली. टेपमुळं दीपगृहाचा पत्ता लागला, आणि तारखेमुळं सगळा गोंधळ झाला. दोन्ही एकाच माणसाच्या हातनं.

सुभेदार_निवृत्त
काका, हे लाख बोललात. आम्हाला म्हणून सांगायचे, बराकीत जाऊन चहा पिऊन मग लिहीन म्हणायचं नाही, जागेवर लिही.

नान्नजचा
मी नवीन आहे इथं, वाचत होतो नुस्तं. माझा थोरला भाऊ सैन्यात आहे, सुट्टीवर आलाय. मागच्या आठवड्यात पहाटे मोटर चालू करायला रानात गेला तर त्याला पूर्वेला एक दिवा दिसला, लई उजेडाचा. आधी तांबूस होता मग पांढरा झाला, आवाज नाय, लुकलुकणं नाय. त्यानं घरी येऊन सांगितलं तर सगळे म्हणले शुक्र असंल नायतर एनटीपीसीच्या वीजकेंद्राच्या चिमणीचा दिवा असंल, आणि एक जण तर म्हणला बॉर्डरवर राहून राहून डोकं फिरलंय. तो काय बोलला नाय पण मला लई वाईट वाटलं. तो उगं बोलणारा माणूस नाय.

व्यवस्थापक
एक सूचना. जे सध्या सेवेत आहेत त्यांच्या पोस्टचं ठिकाण, युनिट, सुट्टीच्या तारखा कुणीही लिहू नये, नातेवाइकांनी पण नाही. गावाकडची गोष्ट लिहायला हरकत नाही.

सुभेदार_निवृत्त
बाळा, भावाला माझा नमस्कार सांग. ज्यानं डोकं फिरलंय म्हटलं त्याच्याकडं लक्ष देऊ नको. एनटीपीसी तर नसणारच, नान्नजहून ती चिमणी दक्षिणेला येते आणि तिचे दिवे लुकलुकतात. आधी आम्ही इथनं दिशा सांगताना सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी धरायचो, ती २०२३ च्या जूनमध्ये पाडली, तेव्हापासून लोकांचा दिशेचा गोंधळच होतो.

भावाला विचार : किती वाजता, किती वर होता, हलला का, कसा गेला.

नान्नजचा
विचारलं. त्यानं सगळं सांगितलं, घड्याळ बघून ठेवलं होतं त्यानं. सूर्य उगवायच्या वीस एक मिनिटं आधी दिसला. पूर्वेला जरा दक्षिणेकडं, हाताची वीत धरली तर वीतभर वर पण नव्हता. आंब्याच्या फांदीशी जुळवून बघितला, हळूहळू वर येत डोक्याकडं सरकत होता. सूर्य उगवल्यावर पण बारका पांढरा ठिपका दिसत होता, अन् मग बघता बघता एकदम नाहीसा झाला. शुक्र त्यानं ओळखला होता, तो वेगळीकडं होता म्हणतोय.

तारे_बघणारी
तुझ्या भावानं फार उत्तम निरीक्षण केलंय, खरंच. आंब्याची फांदी म्हणजे काकांच्या दोन काठ्याच झाल्या. शुक्र वेगळा दिसत होता हे सांगितलं म्हणजे निम्मं काम त्यानंच केलं.

माझा अंदाज सांगते. हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं बलून केंद्र आहे. तिथनं शास्त्रीय उपकरणं घेऊन मोठाले फुगे सोडतात, पातळ प्लास्टिकचे, हायड्रोजन भरलेले, वर जाऊन पन्नास मीटर आणि त्याहून रुंद फुगतात. ३० ते ४० किलोमीटर उंचीवर जातात. बहुतेक रात्री किंवा पहाटे सोडतात, आणि वारा नेईल तसे हैदराबादपासून दोन-तीनशे किलोमीटरवर उतरतात. विशाखापट्टणम, हैदराबाद, सोलापूर या पट्ट्यात उतरतील अशी सूचना ते आधी देतात, म्हणजे आपला जिल्हा त्यात येतो.

आता जुळवा. एवढ्या उंचीवर सूर्य आपल्यापेक्षा वीसेक मिनिटं आधी पोचतो. खाली अंधार असतो आणि फुग्यावर ऊन पडलेलं असतं. पहिलं ऊन तांबडं, म्हणून तांबूस, मग पांढरा. आवाज येणार नाही. हैदराबाद आपल्या पूर्वेला, किंचित दक्षिणेकडं. काम झालं की उपकरणं फुग्यापासून सोडवून पॅराशूटनं खाली आणतात आणि फुगा फाटतो, म्हणून एकदम नाहीसा. त्या तारखेला फुगा सोडला होता का हे विचारल्याशिवाय मी नक्की म्हणणार नाही. तारीख आणि वेळ मला व्यक्तिगत निरोपात पाठव, मी हैदराबादला पत्र लिहून विचारते.

विजापूररोडचा_पंक्या
ताई फुगा एवढा लांबनं दिसतो का खरंच? दोनशे किलोमीटर?

तारे_बघणारी
दिसतो. दोनशे किलोमीटरवर ३५ किलोमीटर उंचीचा फुगा क्षितिजाच्या नऊ-दहा अंश वर येतो, आडवा हात लांब करून मूठ धरली की साधारण तेवढं होतं. भावानं "वीतभर पण नव्हता" सांगितलं ते त्यातच बसतं. आकार कळत नाही, ठिपकाच दिसतो, पण ऊन पडल्यामुळं तेजस्वी. मोबाईलवर घेतलात तर उगाच गोल नाहीतर त्रिकोणी आकार येतील, त्यावर जाऊ नका. २०१९ मध्ये अमेरिकन नौदलाच्या जहाजावरनं घेतलेले हिरवे त्रिकोण फार गाजले, मे २०२२ च्या सुनावणीत नौदलाच्याच अधिकाऱ्यांनी सांगितलं की नाइट व्हिजनमधनं कॅमेऱ्यानं फोटो घेतल्यामुळं तो आकार आला होता.

पूर्वभागवाला
२०२२ च्या एप्रिलमध्ये विदर्भात दिसलेलं ते पण असंच का? माझी बहीण चंद्रपूरकडं दिली आहे, तिनं स्वतः बघितलेलं, आकाशातनं जळत जळत ओळीनं काहीतरी जात होतं, घाबरून सगळे बाहेर आलेले.

हवाईदलवाले_काका
ते फुगा नव्हतं, ते रॉकेट. २ एप्रिल २०२२ ची रात्र. चीनच्या रॉकेटचा वरचा टप्पा परत वातावरणात येऊन जळाला. सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूची मोठी कडी पडली, आसपास गोळे पण सापडले. तुमच्या बहिणीनं जे बघितलं ते शंभर टक्के खरं होतं आणि त्याचे तुकडे हातात आले. असं नशीब दर वेळी नसतं.

होटगीरोडकर
नान्नजच्या भावाची नोंद मी या धाग्यात वर लावायला सांगतो व्यवस्थापकांना. इतर कुणाला लिहायचं असेल तर त्याच पद्धतीनं लिहा, वेळ, दिशा, उंची, किती वेळ, हलला का, कशाशी जुळवून बघितला. आणि माझी कळकळीची विनंती, त्या भावाला हसणारे जे कोण असतील त्यांना हा धागा वाचायला द्या. माणूस देशाच्या सीमेवर रात्र रात्र जागतो तेव्हा त्याच्या डोळ्यावर आपण विश्वास ठेवून झोपतोच की.

नान्नजचा
भावाला वाचून दाखवलं सगळं. तारीख वेळ ताईंना पाठवली. एक विचारायचं होतं, तसला फुगा खाली पडला असंल तर वाड्यावस्त्यांवर कुणाला सापडंल का? माळावर मेंढपाळ असतात.

तारे_बघणारी
सापडू शकतो. प्लास्टिकचा मोठा पातळ कागद, रंगीत पॅराशूट आणि लांब दोरीला खोके असं असतं. खोक्यावर पत्ता आणि फोन लिहिलेला असतो. कुणी उघडू नये, हलवू नये, काही उपकरणांत जास्त व्होल्टेजची वीज असते आणि आतला डेटा शास्त्रज्ञांना हवा असतो. पोलिस पाटलांना नाहीतर जवळच्या ठाण्यात सांगितलं तरी पुरे, ते कळवतात. जो कळवतो त्याला संस्था बक्षीसही देते.

नान्नजचा
बरं ताई. आज संध्याकाळी वस्तीवर सांगतो सगळ्यांना, भाऊ पण येतोय बरोबर.